‘मूळ लाल’ गाडीच्या डिकीतला हिरवा ओरखडा

प्रश्न : नमस्कार. माझं वय ५८. गेली १९ वर्षं आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. उन्हाळ्यात इथे जुन्या मर्सिडीज रस्त्यावर निघाल्या की मी आजही मान वळवून बघत राहतो. आता मुलगी मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, तेव्हा एक हौस पुरवावी म्हणतो. १९६९ची मर्सिडीज २८० एसएल, जिला ‘पगोडा’ म्हणतात ती, एका डीलरकडे विक्रीला आहे. लाल रंग, काळं लेदर, हार्डटॉप आणि कापडी टप दोन्ही. जाहिरातीत लिहिलंय : ‘संपूर्ण रिफर्बिश्ड, मूळ लाल रंग, कारखान्यातूनच चार गिअरची मॅन्युअल, एच-नंबरप्लेट’ (म्हणजे जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना इथे मिळते ती खास नंबरप्लेट). किंमत ९८ हजार युरो. डीलर म्हणतो, गाडी त्याच्या ग्राहकाची आहे, तो फक्त विकून देतोय. आणखी दोन जण मागे आहेत, शुक्रवारपर्यंत १० हजार इसार पाठवलात तर गाडी धरून ठेवतो. मला गाडी पसंत आहे, बायकोला नाही. तिचं म्हणणं, डिकीच्या फोटोत स्पेअर चाकाच्या खड्ड्याशी हिरवा ओरखडा दिसतोय, आणि सगळी बिलं दोन महिन्यांतलीच कशी? मला वाटतं ती उगाच नाट लावतेय. फोटो, बिलं आणि चासी नंबर सोबत जोडले आहेत. हिला कसं समजावू?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वहिनींना समजावू नका. तुमच्या घरात ही गाडी नीट पाहिलेलं माणूस एकच आहे आणि ते तुम्ही नाही. राग मानू नका, लाल पगोडा समोर आली की माझीही नजर तशीच होते. म्हणून तर असल्या गाड्या बघायला मी एकटा जात नाही.

आणि शुक्रवारी पैसे पाठवू नका. का, ते सांगतो.

तुम्ही पाठवलेला चासी नंबर ११३ ०४४ १२ असा सुरू होतो. ११३ म्हणजे डब्ल्यू-११३, कंपनीने पगोडाला दिलेला घरचा नंबर. ०४४ म्हणजे २८० एसएल. २३० असती तर ०४२, २५० असती तर ०४३. इथवर सगळं ठीक. पुढचा १ म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. त्याच्या पुढचा २ म्हणजे गाडी कारखान्यातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन निघालेली. मॅन्युअल असती तर तिथे शून्य असतं. जाहिरातीत ‘कारखान्यातूनच मॅन्युअल’ छापलंय आणि गाडी स्वतःच्या चासीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहून फिरतेय. दोघांत खोटं कोण बोलतंय ते तुम्ही ठरवा. माझं मत लोखंडाच्या बाजूने.

असं झालं कसं असेल, तेही सांगतो, कारण प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. १९६७च्या अखेरीपासून १९७१च्या सुरुवातीपर्यंत २८० एसएल २३,८८५ बनल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेत गेल्या आणि तिकडे ऑटोमॅटिकला मागणी मोठी. पुढे त्यातल्या पुष्कळ गाड्या युरोपात परत आल्या. इकडच्या शौकिनांना मॅन्युअल हवी, शिवाय त्या काळचा चार गिअरचा ऑटोमॅटिक आजच्यासारखा मऊ नव्हता. टॉर्क कन्व्हर्टर नव्हे, साधं फ्लुइड कपलिंग. गिअर पडताना पाठीला कळतं. मग लोक तो काढून मॅन्युअल बसवतात. काम नीट केलेलं असेल तर गाडी चालवायला छान होते, मी अशा दोन चालवल्या आहेत. पण तो बदल आहे, आणि बदल केलेली गाडी ‘कारखान्याची’ म्हणून विकणं ही वेगळी गोष्ट झाली. कदाचित आताच्या विक्रेत्याला खरंच माहीत नसेल. तसं असेल तर ज्याला स्वतःच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही त्याच्या ‘संपूर्ण रिफर्बिश्ड’वर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उरतोच.

आता हिरवा ओरखडा. मी फोटो मोठा करून पाहिला. चाकाच्या खड्ड्याच्या कडेला, जिथे जॅक घासतो तिथे, लाल रंग खरवडला गेलाय आणि खालून गडद हिरवा डोकावतोय. प्रायमर असा दिसत नाही. म्हणजे गाडी कधीतरी हिरवी होती. रंग बदलणं हा गुन्हा नाही. पन्नास-साठ वर्षांत बहुतेक गाड्यांचे रंग बदललेत, आणि लाल गाडी लवकर विकली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘मूळ लाल’ हा दुसरा शब्दही आता डळमळला. याचा निकाल लावायला वाद घालायची गरज नाही. या गाड्यांना कारखान्याचं डेटा कार्ड असतं. चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडी नंबर, रंगाचा कोड, सीटच्या कापडाचा कोड, गिअरबॉक्स, जादा बसवलेल्या वस्तू, सगळं त्यावर. विक्रेत्याकडे नसेल तर गाडीच्या मालकाला कंपनीच्या क्लासिक विभागाकडून मागवायला सांगा. तुम्ही तर त्यांच्या अंगणातच राहता, फेलबाखचं क्लासिक सेंटर तुम्हाला हाकेच्या अंतरावर. कार्डावर लाल निघाला तर मी वहिनींची माफी मागेन. निघणार नाही.

ओरखड्यापेक्षा मला जास्त त्रास दिला तो दुसऱ्या गोष्टीने. त्या लाल रंगाच्या खाली हिरवा *तसाच आहे*. म्हणजे निदान डिकीत तरी जुना रंग न काढता त्यावरच नवा मारलाय. ज्या गाडीचं काम खरोखर पत्रा उघडा करून झालं, तिच्यात असं दिसत नाही.

इथे तुमच्या बिलांकडे वळतो. चार बिलं पाठवलीत : रंग, लेदर, क्रोम, टायर. डोळ्यांना जे जे दिसतं ते सगळं. पत्र्याच्या कामाचं एकही नाही. वेल्डिंगचं नाही. इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाचं नाही, ब्रेकचं नाही, मागच्या ॲक्सलचं नाही. याला आपल्याकडे वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात. वहिनींनी विचारलेला ‘दोन महिन्यांतच कशी?’ हा प्रश्न म्हणूनच बिनतोड आहे. अख्खी पगोडा सोडवून, गंजका पत्रा कापून, नवा जोडून, दारांच्या फटी जुळवून परत उभी करायची तर काम महिनोन्‌महिने चालतं. दोन महिन्यांत होते ती रंगरंगोटी. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला कुठलंही माप नाही. पॉलिश मारलेली गाडीही रिफर्बिश्ड आणि नटबोल्ट सुटा करून बांधलेलीही रिफर्बिश्ड. तेव्हा विक्रेत्याला एकच मागा : काम चालू असतानाचे फोटो. रंग उतरवलेला नागडा पत्रा, कापलेले सिल (दारांखालचे लांब पत्रे), गाडीची उघडी जमीन. ज्याने लाखभर युरोचं काम करवून घेतलं त्याच्याकडे असे शेकड्यांनी फोटो असतात आणि तो ते न मागता दाखवतो. अहो, दाखवून दाखवून आपल्याला कंटाळा आणतो. ज्याच्याकडे एकही नाही त्याची गाडी जुन्या, रंगवलेल्या गाडीच्या भावाने बघायची, पुनर्बांधणी केलेल्या गाडीच्या नव्हे.

रंगाखाली काय असू शकतं? पगोडाची बॉडी हीच तिची चासी. वेगळी शिडीसारखी फ्रेम नाही. सिल, जमीन, पुढचे आणि मागचे चासीचे पाय (बॉडीखालचे लांब पोलादी दांडे), जॅक लावायच्या जागा हे सगळं मिळून गाडी उभी राहते, आणि गंजतंही नेमकं तिथेच. पुढच्या पायांकडे मी सर्वांत आधी बघतो. त्याला कारण आहे. १९६३च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात २३० एसएल, म्हणजे पहिली पगोडा, आली तेव्हा पुढचा-मागचा भाग चुरगळून धक्का पिणारी ही पहिली स्पोर्ट्स कार होती. ही कल्पना बेला बारेन्यी या इंजिनिअरची, त्याच माणसाचं डोकं मधे खोलगट असणाऱ्या हार्डटॉपमागेही होतं. त्या छपरावरूनच पॅगोडाचं नाव गाडीला चिकटलं. रेखाटन पॉल ब्राकचं. पण ती चुरगळण्याची करामत पत्रा ठरल्या जागी ठरल्या ताकदीने दुमडला तरच चालते. तिथे गंज लागून कोणी वरून पत्र्याचा तुकडा टाकून, काळं अंडरकोटिंग (तळाला मारायचा गंजरोधक थर) फासून ठेवलं असेल तर अपघातात काय होईल ते कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. अंडरकोटिंग ताजं, जाड आणि सगळीकडे सारखं दिसलं तर संशय घ्या. स्क्रूड्रायव्हरची मूठ हलक्या हाताने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला किंवा पुट्टीने भरलेला नुसता थपथप करतो.

बॉनेट उघडल्यावर आणखी एक बघा. पगोडाची पुढची मडगार्डं बोल्टने लावलेली नसतात, वेल्डिंगने जोडलेली असतात. कारखान्यात स्पॉट-वेल्डिंग करताना कडेच्या पट्टीवर ठरावीक अंतराने गोल खळगे पडलेले असतात. बोट फिरवलं की लागतात. ते नसतील, कड गुळगुळीत असेल, तर मडगार्ड कधीतरी बदललंय किंवा कडेवर पुट्टी बसलीय. अपघात झालेली गाडी वाईटच असं नाही, पण अपघात झाला होता हे आपल्याला कळायला हवं.

लोहचुंबकाबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच : पातळ कपड्यात गुंडाळून पत्र्यावर लावायचं, चिकटलं नाही तर खाली पुट्टी. मीही उमेदवारीच्या काळात एकाची २३० एसएल बघायला असंच चुंबक खिशात घालून गेलो होतो. दाराला लावलं, खाली पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. डिकीच्या झाकणाला लावलं, तेही पडलं. मी मालकाला मोठ्या ऐटीत म्हणालो, साहेब, अर्धी गाडी पुट्टीची आहे. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, अर्धी नाही हो, तेवढीच ॲल्युमिनियमची आहे. पगोडाच्या दारांचा बाहेरचा पत्रा, बॉनेट, डिकीचं झाकण आणि कापडी टपावरचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं. चुंबक चिकटायचं ते मडगार्डांना आणि सिलला. उलट, दाराला चिकटलं तर विचारा, हे दार कुठून आलं? मी ती गाडी घेतली नाही, लाजेने. आज तिची किंमत काढायला बसलो की झोप येत नाही.

आता चुंबकापेक्षा रंगाची जाडी मोजणारं मीटर न्या, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं. एकदा रंगवलेला पत्रा साधारण १०० ते २०० मायक्रॉन दाखवतो. दोन-तीनदा रंगवला असेल तर त्याहून वर. हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली रंग नसतो, पुट्टी असते. दाराच्या खालच्या कडेला फोड आलेत का तेही बघा. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्यावर दुमडलाय. दोन धातू, मधे ओल, आणि त्यातून गंज धरतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. सहा सिलिंडर, २,७७८ सीसी, १७० अश्वशक्ती. तेल-पाणी वेळेवर मिळालं तर दणकट. ब्लॉकवरचा नंबर १३० ९८३ने सुरू व्हायला हवा. १३० ९२० निघाला तर ते इंजिन २८० एस सेडानमधून आलंय, आणि त्याला मुळात कार्ब्युरेटर होते, इंजेक्शन नव्हतं. खरी डोकेदुखी बॉशच्या मेकॅनिकल इंजेक्शन पंपाची. दुरुस्त करणारे हात कमी उरलेत आणि ते आपल्या हाताची किंमत जाणतात. त्यासाठी एक साधी युक्ती : जायच्या आदल्या दिवशी डीलरला बजावून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर गप्पा मारायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या, गाडी आपोआप थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिनाला सेल्फ मारला की पंपाची तब्येत कळते. मग गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. थंड असताना झटकन सुरू होऊन गरम झाल्यावर काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर पंप गाडी गरम झालीय हे मानायलाच तयार नाही असं समजा. आणि टेस्ट गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. १९६३ची स्पा-सोफिया-लीज ही बाल्कनातल्या दगडधोंड्यांतली रॅली ऑयगेन ब्योरिंगरने याच घराण्यातली २३० एसएल चालवून जिंकली होती. खड्ड्यात जपून न्यावी लागणारी पगोडा म्हणजे काहीतरी बिघडलेली पगोडा.

एच-नंबरप्लेटचा मोह सोडा. ती मिळायला गाडी किमान ३० वर्षांची आणि बऱ्यापैकी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते, तपासनीस तसा दाखला देतो, आणि कर वर्षाला ठरावीक १९१.७३ युरो पडतो. सिलच्या आत काय आहे याची हमी त्यात नाही. एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घ्या. इथे १ ते ५ अशी दर्जाची श्रेणी देतात. विक्रेत्याकडे आधीच असलेलं मूल्यांकन चालणार नाही. ते बहुधा विम्यासाठी केलेलं असतं आणि विम्याच्या कागदावर गाडी नेहमीच सुंदर असते.

आता ते वाक्य, ‘गाडी ग्राहकाची आहे, मी फक्त विकून देतोय’. यावर तुम्ही पत्रात एक ओळ खर्च केलीत, मला ती सगळ्यात महाग ओळ वाटली. डीलर स्वतःची गाडी तुमच्यासारख्या खासगी ग्राहकाला विकतो तेव्हा दोषांची कायदेशीर जबाबदारी त्याला पूर्ण झटकता येत नाही. खासगी माणसाला येते. म्हणून काही डीलर मधे एक ‘ग्राहक’ उभा करतात. इथेही तसंच आहे असा माझा आरोप नाही. करारावर विक्रेता म्हणून कोणाचं नाव आणि पत्ता येणार, एवढं लेखी विचारा. उत्तराला किती दिवस लागतात तेही मोजा.

विक्रेता खासगी निघाला तरी तुमच्या हातात एक दोरी आहे. जाहिरातीतला प्रत्येक दावा करारात जसाच्या तसा लिहून घ्या. १० एप्रिल २०२४ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं, तेही एसएलचंच. १९८१ची ३८० एसएल, खासगी विक्रेता, जाहिरातीत ‘एसी उत्तम चालतो’ आणि सोबत ‘दोषांची जबाबदारी नाही’ असं नेहमीचं कलम. एसी चालेना. खालच्या कोर्टांनी ग्राहकाला परत पाठवलं. वरच्या न्यायालयाने म्हटलं, जो गुण तुम्ही स्पष्ट कबूल केलात त्याच्यापुरतं ते कलम तुम्हाला वाचवणार नाही, गाडी चाळीस वर्षांची असली तरी. तेव्हा ‘कारखान्यातूनच मॅन्युअल’ हे वाक्य करारात घाला असं डीलरला सांगून बघा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल मी गाडी मोडीत काढली. तसं नाही. फोटोंत दारांच्या फटी सारख्या आहेत, हे सहज साधत नाही. खालचा पत्रा धड निघाला, पंप ठीक निघाला, आणि डीलरने ‘ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली, हिरव्याची लाल केलेली, वरून रंगवलेली’ हे मान्य केलं, तर हीच गाडी घेण्यासारखी आहे. फक्त ९८ हजारांना नाही. कमी किती, ते लिफ्टवर चढवल्यावर कळेल; त्याआधी मी आकडा टाकणार नाही आणि तुम्हीही टाकू नका. इसार द्यायचीच वेळ आली तर थोडा द्या, आणि तपासणीत नापसंत झाली तर पूर्ण परत, हे कागदावर घेऊन द्या. बाकी दोघं आधी घेऊन गेले तर जाऊ द्यात. असे ‘आणखी दोघं’ मला गेली कित्येक वर्षं प्रत्येक गाडीपाशी भेटलेत, म्हणजे भेटले कधीच नाहीत.

शनिवारी बघायला जा, दिवसाउजेडी, पाऊस नसताना. ओल्या गाडीवर सगळंच चकचकीत दिसतं. मीटर आणि टॉर्च वहिनींकडे द्या आणि तुम्ही डीलरशी बोलत बसा. हार्डटॉप उतरवायला सांगायला विसरू नका. तो जड असतो, दोन माणसं लागतात, म्हणून डीलर टाळाटाळ करतात. पण त्याखालचा कापडी टप खरंच आहे का, फाटलाय का, बसतो का, हे उतरवल्याशिवाय कळत नाही. पगोडाचा एक प्रकार मुळात कापडी टपाविनाच विकला जायचा आणि त्यात मागे छोटी सीट असायची. टपावरचं ते ॲल्युमिनियमचं झाकण उचललंत की त्याच्या खालच्या बाजूला बॉडी नंबरचे अंक ठोकलेले सापडतात का बघा. ते डेटा कार्डाशी जुळवा. आणि झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे रंगाऱ्याचा फवारा नीट पोहोचत नाही, तिथे हिरवा दिसतो का, तेही वहिनींना बघू द्या.